टिंबाच्या उजव्या हाताला

मंडळी, 'साडेपाच' हा आपला रोजच्या बोलण्यातला शब्द. पाच पूर्ण आणि वर अर्धा, एवढाच त्याचा अर्थ. पण हाच साडेपाच कागदावर उतरवायचा झाला म्हणजे आपण काय लिहितो, ते जरा पाहा. घड्याळात साडेपाच वाजले की आपण लिहितो ५.३०. साडेपाच किलो ज्वारी काट्यावर ठेवली की काट्याच्या काचेवर उमटते ५.५००. साडेपाच एकर रान असले तर वहीत टिपतो ५.२०, कारण अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. साडेपाच फूट उंचीचा माणूस ५.६ होतो, कारण अर्धा फूट म्हणजे सहा इंच. आणि पारावर मोबाइल घेऊन बसलेली पोरे सांगतात की साडेपाच षटके झाली, तेव्हा पडद्यावर असते ५.३, कारण षटकाचे चेंडू सहा.

एकच साडेपाच. टिंबाच्या डावीकडे सगळीकडे पाच. उजवीकडे मात्र कुठे तीस, कुठे पाचशे, कुठे वीस, कुठे सहा आणि कुठे नुसते तीन! आता यांपैकी खरी दशांशाची लिहिणी किती? फक्त एक, काट्यावरची. बाकीच्या ठिकाणी टिंब आहे खरे, पण ते दशांश चिन्ह नव्हे. तो नुसता बांध आहे. बांधाच्या अलीकडे एकर, पलीकडे गुंठे. अलीकडे तास, पलीकडे मिनिटे. दोन वेगळी रानं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून घातलेला.

बांध कोणता आणि दशांश चिन्ह कोणते, हे ओळखायचे कसे? एक प्रश्न विचारावा. उजवीकडच्या किती नगांचा डावीकडचा एक होतो? उत्तर दहा, शंभर किंवा हजार आले, तर टिंब दशांशाचे धरून चालता येईल. शंभर पैशांचा रुपया, हजार ग्रॅमचा किलो, शंभर किलोंचा क्विंटल, शंभर आरांचा हेक्टर, ही सगळी दशांशाची घराणी. उत्तर चाळीस, साठ, बारा किंवा सहा आले, तर तिथे दशांशाचे गणित लावू नये. लावले तर काय होते, ते पुढे जमिनीच्या हिशेबात पाहू. आपल्या परंडा तालुक्यात आनाळ्याला जा, सोनारीला जा, जवळ्याला जा. गणित चुकल्याने माणसाचे सर्वांत जास्त नुकसान होते ते तिथेच.

आधी दशांशाचे मूळ समजून घेऊ. आपण ५५५ लिहितो तेव्हा तीन पाच सारखेच दिसतात, पण त्यांची किंमत सारखी नसते. पहिला पाचशेचा, मधला पन्नासचा, शेवटचा नुसता पाचाचा. डावीकडून उजवीकडे एक घर सरकले की किंमत दहावा हिस्सा होते. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, तीत एक, दश, शत, सहस्र अशी थेट परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, दर स्थान आधीच्या दसपट. ही शिडी वर चढत जाते. एककाच्या खाली मात्र ती उतरत नाही. तिथे अपूर्णांक अंश वर आणि छेद खाली असेच मांडलेले आहेत. दशांश म्हणजे दुसरे काही नाही, हीच शिडी एककाच्या खाली उतरवायची. एककाचा दहावा हिस्सा तो दशांश, त्याचा दहावा हिस्सा शतांश, त्याचाही दहावा तो सहस्रांश. आणि एकक कुठे संपला, ते कळावे म्हणून मध्ये एक टिंब.

ही युक्ती दमास्कसच्या अल-उक्लीदिसी नावाच्या गणितज्ञाने दहाव्या शतकात वापरलेली आढळते. युरोपात ती घरोघर पोचवली सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गृहस्थाने, १५८५ साली छापलेल्या एका लहानशा पुस्तिकेने. गंमत अशी की ती पुस्तिका त्याने पंडितांपुरती ठेवली नाही. ज्योतिषी, जमीन मोजणारे, गालिचे मोजणारे, पिपे मोजणारे आणि व्यापारी, अशा सगळ्यांना त्याने ती अर्पण केली. नाणी, वजने, मापे सगळी दहाच्या पटीत करा, असे त्याचे सरकारांना सांगणे होते. आपल्याकडे रुपयाचे शंभर पैसे झाले १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे तीनशे बहात्तर वर्षांनी.

त्याआधी आपल्या भागात काय होते? परंडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथला रुपया हाली. शेजारी बार्शी आणि करमाळा मुंबई इलाख्यात, तिथे चाले तो कलदार. सात हालीचे सहा कलदार, असा दर होता. म्हणजे शंभर कलदार रुपये घेऊन कोणी बार्शीकडून परंड्याला आला, तर त्याला मिळायचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, मिळून रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. हा हिशेब आपले आजे-पणजे तोंडी करीत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, पुढे हाली मागे पडला, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि लगेच पुढच्या वर्षी नवे पैसे आले.

नवे पैसे आले तेव्हा पहिली अडचण आली ती आण्याची. सोळा आण्यांचे शंभर पैसे, तर एका आण्याचे किती? सव्वासहा. सव्वासहा पैसे द्यायचे कसे? म्हणून सरकारी कोष्टकात एक आणा बरोबर सहा पैसे, दोन आणे बरोबर बारा, तीन आणे बरोबर एकोणीस, चार आणे बरोबर पंचवीस, असे धरले होते. चार आण्यांना हिशेब जुळतो. पण एकेका आण्याची वस्तू सोळा वेळा विकणाऱ्याला सोळा सक ९६ पैसेच मिळणार, रुपयामागे चार पैसे गेले. शेवटचे अंक सोडून जवळचा आकडा धरणे, याला आसन्न किंमत घेणे म्हणतात. एकदा घेतली तर बिघडत नाही. दर पायरीला घेतली तर गळती लागते. गुरुजींनी हे मुलांना जरूर सांगावे: अंक सोडायचे ते उत्तराला आल्यावर, वाटेत नाही.

आता आपण म्हणाल, दहाची पद्धत जर एवढी चांगली, तर जुने लोक काय वेडे होते? मुळीच नव्हते. एकशे ब्याण्णव पैंचा एक मोठा गुण होता. रुपया तिघांत वाटायचा झाला, तर पाच आणे चार पै प्रत्येकी, कसर उरत नसे. शंभर पैसे तिघांत वाटा बघू! तेहतीस, तेहतीस, तेहतीस, आणि एक पैसा उरला. त्याचे आणखी तुकडे केले तरी दर वेळी एक उरणारच. ०.३३३३ लिहीत बसा, वही संपेल. दहाला तीनने भाग जात नाही, त्याला कोण काय करणार?

उलट निम्मे करण्यात दशांश कधीच अडत नाही. आपली धान्याची जुनी मापे आठवा. पायलीच्या दोन अधोल्या, अधोलीचे दोन शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. दर पायरीला निम्मे. आता पायलीला एक धरून हे दशांशात लिहा: अधोली ०.५, शेर ०.२५, मापटे ०.१२५, चिपटे ०.०६२५. दर पायरीला एक अंक वाढला, पण दर वेळी हिशेब संपला. कारण दहाच्या पोटात दोन आहे. आणि हा शेवटचा ०.०६२५ कोण, ओळखले का? रुपयाचा एक आणा, शेराचा एक छटाक. सोळावा हिस्सा.

म्हणूनच दशांश शिकवताना मुलाला परक्या मुलखात नेऊन सोडायचे कारण नाही. पूर्वीच्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. आज ती घोकंपट्टी राहिली नाही, पण शब्द जिभेवर आहेतच. पाव ते ०.२५, निम ते ०.५०, पाऊण ते ०.७५. सव्वा १.२५, दीड १.५०, पावणेदोन १.७५, अडीच २.५०. या सात जागा मुलाला ओळखीच्या करून दिल्या, की मधल्या जागा तो आपण होऊन शोधतो. २.४ कुठे असेल? अडीचच्या थोडेसे अलीकडे. ०.८? पाऊणच्या थोडे पुढे. एवढा अंदाज आला, तर अर्धे काम झाले असे समजा.

आता बोलण्याविषयी थोडे. बाजारात सर्रास 'एक पॉइंट पंचवीस' असे म्हणतात, आणि वर्गातही तसेच ऐकू येते. ऐकायला सोपे, पण त्याने मोठा घोटाळा होतो. मुलाला विचारा, १.३ मोठा की १.२५? तो लगेच सांगतो, १.२५ मोठा, कारण पंचवीस तिनापेक्षा मोठे. त्याचे काय चुकले? त्याच्या कानावर 'पंचवीस' पडले, त्याने ते पंचवीसच धरले. म्हणून टिंबापुढचे अंक सुटे वाचावेत: एक पूर्णांक दोन पाच. किंवा जास्त चांगले म्हणजे दोन दशांश, पाच शतांश. मग १.३ मध्ये दशांश तीन आणि १.२५ मध्ये दशांश दोनच, हे कानालाच कळते. तीन दशांश म्हणजे तीस शतांश. पंचविसाची गाठ तिसाशी आहे, तिनाशी नाही.

तरी पटले नाही, तर शिंप्याकडचा टेप आणावा. मीटरचे शंभर सेंटिमीटर. १.२५ मीटरवर एकाने अंगठा ठेवावा, १.३ मीटरवर दुसऱ्याने. कोणाचा अंगठा पुढे आहे, ते सगळा वर्ग पाहील. फळ्यावर तासभर खडू झिजवण्यापेक्षा हे बरे.

आणखी एक साधन प्रत्येकाच्या खिशात असते. शंभराची एक नोट घ्या आणि तिलाच 'एक' म्हणा. मग दहाची नोट झाली दशांश, आणि एक रुपयाचे नाणे झाले शतांश. आता १.०५ मांडा: शंभराची एक नोट आणि पाच नाणी, म्हणजे एकशे पाच. आणि १.५ मांडा: शंभराची एक नोट आणि दहाच्या पाच नोटा, म्हणजे दीडशे. मधले शून्य विसरले तर पंचेचाळीस रुपयांचा फरक! शून्याला किंमत नाही, असे आपण सहज म्हणतो, माणसालाही शून्य म्हणून हिणवतो. पण इथे शून्य जागा राखून बसले आहे. 'इथे दशांश एकही नाही, पाच आहेत ते शतांशाच्या घरात,' असे ते सांगते. शेवटी लावलेले शून्य मात्र निराळे. १.५, १.५० आणि १.५०० यांत किंमतीचा काही फरक नाही. दीड तो दीडच. काट्यावर तीन अंक दिसतात, ते काटा ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो म्हणून.

दूध घालणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. १२.४ लिटर म्हणजे बारा लिटर चारशे मिलिलिटर. १२.०४ म्हणजे बारा लिटर चाळीस मिलिलिटर. पावतीवर शून्य कुठे पडले आहे ते बघायला क्षण लागतो, आणि फरक ३६० मिलिलिटरचा, म्हणजे पाव लिटराहून बराच जास्त. फॅटचा आकडाही असाच वाचायचा. फॅट ३.५ म्हणजे शंभर किलो दुधात साडेतीन किलो स्निग्धांश. दहा किलो दुधात साडेतीनशे ग्रॅम. तूरउडीद विकताना १२.५ क्विंटल आणि १२.०५ क्विंटल यांत पंचेचाळीस किलोंचे अंतर आहे. म्हणून आडतीच्या पट्टीवर क्विंटलाचे दोन अंक आणि किलोचे दोन अंक नेहमी पुरते लिहून घ्यावेत. 'साडेबारा' असेल तर १२.५० असेच लिहा. दोन अंक लिहिण्याची सवय असली की शून्य गळत नाही.

आता जमिनीकडे येऊ. आपल्या सातबारावर शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे असते. शंभर चौरस मीटरचा एक आर, शंभर आरांचा एक हेक्टर. दोन्ही पायऱ्या शंभराच्या, म्हणजे हा खरा दशांशाचा कारभार. सातबारावर १.०५.२५ असे दोन टिंबांचे लिहिलेले दिसले, तर गोंधळून जाऊ नये. एक हेक्टर, पाच आर, पंचवीस चौरस मीटर. दुसरे टिंब पुसून टाकले तर १.०५२५ हेक्टर. बस्स, काही हिशेब करावा लागत नाही. ही दशांशाची मेहेरबानी.

पण आपल्या तोंडी हेक्टर नाही. आपले तोंडी एकर आणि गुंठे. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तुकडा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. इथे पायरी चाळिसाची आहे, आणि इथेच टिंबाने माणसे फसतात. दोन भावांची मिळून सात एकर दहा गुंठे जमीन आहे, असे समजा. वहीत लिहिले ७.१०. थोरल्याने मोबाइलवर ७.१० ला दोनने भागले, उत्तर आले ३.५५. 'तीन एकर पंचावन्न गुंठे प्रत्येकी,' असे ठरले. पण पंचावन्न गुंठे म्हणजे एक एकर पंधरा गुंठे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार एकर पंधरा, दोघांचे मिळून आठ एकर तीस गुंठे! दीड एकर रान कुठून उगवले? खरे उत्तर बोटांवर येते: सात एकरांचे निम्मे साडेतीन, म्हणजे तीन एकर वीस गुंठे, दहा गुंठ्यांचे निम्मे पाच, एकूण तीन एकर पंचवीस. मोबाइल चुकला नाही. त्याला टिंब दशांशाचे वाटले, कारण तेवढेच त्याला ठाऊक. दोघे शहाणे असतील तर बांधावर फीत टाकल्यावर हसतील. नसतील तर पुढची दहा वर्षे बोलणार नाहीत.

बेरजेतही तेच. दोन एकर पंचवीस गुंठे आणि एक एकर तीस गुंठे मिळून ३.५५ नव्हे, तीन एकर पंचावन्न गुंठे, म्हणजे चार एकर पंधरा. गुंठे चाळीस झाले की हातचा एक एकराकडे न्यायचा. शंभर होईपर्यंत थांबायचे नाही.

गुंठ्यांचे दशांश करायचे असतील तर चाळिसाने भागावे. दहा गुंठे म्हणजे पाव एकर, ०.२५. वीस म्हणजे ०.५. तीस म्हणजे ०.७५. पाच म्हणजे ०.१२५, आणि एक गुंठा म्हणजे ०.०२५ एकर. एकदा असे करून घेतले, की मग मोबाइलला खुशाल कामाला लावा.

एकराचे हेक्टर करायचे तर एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, म्हणजे चाळीस आर आणि वर सुमारे सत्तेचाळीस चौरस मीटर. बोलण्यात आपण 'चाळीस आर म्हणजे एकर' असे धरतो, अंदाजाला ते ठीक. आपले साडेपाच एकर घेऊ. ५.५ ला ०.४०४७ ने गुणले तर २.२२५८ येतात, म्हणजे दोन हेक्टर बावीस आर अठ्ठावन्न चौरस मीटर. चाळीस आरांचा एकर धरला तर २.२० येतात, अडीच आर कमी. आणि कोणी वहीतले ५.२० उचलून तेच ०.४०४७ ने गुणले, तर येतील २.१०४४. बारा आर गेले! अडीच आरांची चूक अंदाजाची आहे. बारा आरांची चूक टिंबाची आहे. खरेदीखत करताना, कर्जाचा अर्ज भरताना, पीकविम्याचे क्षेत्र लिहिताना अशी चूक राहिली तर ती कागदावर बसते, आणि कागदावर बसलेली चूक उठवायला किती खेटे घालावे लागतात, ते मी आपणास सांगायला नको. हेक्टराच्या आकड्यातले शून्यही असेच जपावे. एक हेक्टर पाच आर हे १.०५, कोणी १.५ लिहिले तर पंचेचाळीस आरांचा फरक, म्हणजे एक एकर साडेचार गुंठे.

तिघा भावांची वाटणी असेल तर पुन्हा ती जुनी अडचण. एक हेक्टर तिघांत वाटला तर प्रत्येकी तेहतीस आर तेहतीस चौरस मीटर, आणि एक चौरस मीटर उरतो. एका खाटेचीही जागा नाही ती. कोणाच्या तरी वाट्याला चौतीस चौरस मीटर लिहून टाकावे.

जाता जाता आणेवारीचे सांगतो. पीक कसे आले ते सोळा आण्यांत सांगायची जुनी रीत. रुपयाचे शंभर पैसे झाले, तशी आणेवारीची पैसेवारी झाली. आपण अजून आणेवारीच म्हणतो, कागदावर मात्र पैसे असतात. पैसेवारी ४८ म्हणजे चांगल्या पिकाला एक धरले तर ०.४८, निम्म्याहून थोडे कमी. पन्नास पैशांची रेघ म्हणजे जुने आठ आणे. दुष्काळ ठरवण्याचे केंद्राचे निकष २०१६ च्या संहितेने बदलले आणि त्यात पावसाची तूट, जमिनीतली ओल अशा गोष्टी आल्या, तरी पैसेवारी जाहीर होतेच, आणि ती ऐकताना पन्नासच्या अलीकडे की पलीकडे, हेच आपण आधी पाहतो.

गुणाकार-भागाकाराविषयी फार सांगत नाही. गुणाकार करताना टिंब विसरून गुणावे आणि दोन्ही आकड्यांत मिळून टिंबापुढे जितके अंक तितक्या घरांवर उत्तरात टिंब द्यावे, हा नियम सर्वांना येतो. पण नियमापेक्षा अंदाज भरवशाचा. समजा दुधाचा भाव ३१.५० रुपये आणि दूध १२.४ लिटर. आधी मनाशी म्हणा: बारा त्रिक छत्तीस, म्हणजे तीनशे साठ, आणि वर थोडे. मग गुणा. ३९०.६० आले तर बरोबर. ३९.०६ किंवा ३९०६ आले, तर टिंब घसरले हे गुणाकार न तपासताच कळते.

मुलांना एक गोष्ट फार चमत्कारिक वाटते. गुणल्यावर संख्या लहान कशी होते? ०.२५ गुणिले ०.२५ बरोबर ०.०६२५. त्यांना सांगावे, पावशेराचा पाव हिस्सा किती? छटाक. मग छटाक पावशेराहून लहान असणारच. भागल्यावर संख्या मोठी होते, तेही असेच. सहा किलो साखरेच्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या पुड्या बांधल्या तर बारा होतात. सहा भागिले ०.५ बरोबर बारा. पुड्या मोजल्या की चमत्कार संपला. आणि दहाने गुणताना 'पुढे शून्य द्या' हा नियम दशांशात चालत नाही. २.५ च्या पुढे शून्य दिले तर २.५० होते, आणि ते होते तेच राहते. अंक एक घर डावीकडे सरकले पाहिजेत, म्हणजे पंचवीस.

आता तीन प्रश्न देतो, घरी किंवा वर्गात करून पाहावेत. पहिला: नऊ एकर तीस गुंठे जमीन तिघा बहिणींत वाटली, तर प्रत्येकीला किती? दुसरा: हवामान खाते दिवसभरात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरते; एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी; तर २.५ मिलिमीटर पावसाने एका हेक्टरात किती पाणी पडले? तिसरा: ०.४ एकर म्हणजे किती गुंठे?

उत्तरे अशी. पहिल्याचे तीन एकर दहा गुंठे, मोबाइलवर ९.३० ला तीनने भागले तरी ३.१० च येतील, पण ते दोन्ही भागांना तीनने पुरा भाग गेला म्हणून, या योगायोगावर विसंबू नये. दुसऱ्याचे पंचवीस हजार लिटर. तिसऱ्याचे सोळा गुंठे.